मी सही बघितली, कागद नाही

फ्रेम उघडली ती काच पुसायला. मागचा पुठ्ठा काढला, पत्र हातात घेतलं, तेवढ्यात शेजारचे आप्पा आले. त्यांची सगळी नोकरी पोस्टात झालेली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "अरे, हे तर इनलँड आहे." मी म्हटलं, असेल. "असेल काय? तारीख बघ." तारीख १९४६ची. "इनलँड निघालं २ ऑक्टोबर १९५०ला. त्याआधी पोस्टात हा कागद मिळतच नव्हता."

मी मटकन खाली बसलो.

तीन कडा नीट कापलेल्या होत्या, म्हणजे छापील तिकीट आणि पत्त्याची बाजू गेलेली. चौथ्या कडेला मात्र डिंकाची पिवळट पट्टी तशीच राहिली होती. भिंग लावलं तर आणखी एक दिसलं. मधल्या घडीवर जिथे जिथे अक्षर आलं होतं, तिथे शाई घडीच्या रेषेतून दोन्ही बाजूंना फुटली होती. घडीने कागदाचे तंतू तुटतात. त्यानंतर लिहिलं तरच शाई त्या भेगेत शिरते. आधी लिहून मग घडी घातलेल्या पत्रात असं होत नाही. कुणीतरी जुनं कोरं इनलँड मिळवून त्यावर लिहायला बसलं होतं.

पत्र बालगंधर्वांनी, म्हणजे नारायणरावांनी, संगीतकार मास्टर कृष्णरावांना लिहिलेलं, असं सांगून एका दुकानदाराने मला ३८,००० रुपयांना विकलं. लोक आता म्हणतात, तुला कळायला हवं होतं. का हवं होतं? वीस वर्षं मी संगीत नाटकांच्या जाहिराती, तिकिटं, पदांची पुस्तकं जमवतोय, पण पत्राच्या वाटेला पहिल्यांदाच गेलो होतो. आणि मी विचारलं नव्हतं असं नाही. कुठून आलं? "घर मोठं आहे, अडचणीत आहेत, नाव बाहेर यायला नको." पाकीट कुठाय? "पाकिटं कोण ठेवतं?" मागची बाजू बघू? "कागद ठिसूळ झालाय, काका, काढलात तर तुकडे पडतील." काका म्हणत होता मला. दोनदा चहा पाजला.

खोटं उघडं पडल्यावर त्याला फोन केला. पहिल्या दिवशी, "तुमचे आप्पा काय तज्ज्ञ आहेत?" दुसऱ्या दिवशी, "मीसुद्धा विश्वासानेच घेतलं होतं." तिसऱ्या दिवशी, "मी तुम्हाला कुठे काही लिहून दिलंय?" नंतर फोन उचलणंच बंद. पैसे गेले ते गेले, पण तिसऱ्या दिवशीचं ते वाक्य अजून झोपू देत नाही. कारण ते खरं होतं. पैसे रोख दिले होते, पावती घेतली नव्हती.

म्हणून सांगतो, पावतीवर वस्तूचं पूर्ण वर्णन हवं: कुणी, कुणाला, कोणत्या तारखेला लिहिलेलं अस्सल पत्र, आणि बनावट ठरल्यास पैसे परत. एवढं लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्या दुकानातून उठा. चौकटीतलं पत्र चौकटीत घेऊ नका. मागची बाजू, पत्ता, शिक्का हे सहीपेक्षा जास्त बोलतात.

तारखा पाठ करा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचं असूच शकत नाही. त्याआधी नुसतं 'मुंबई ४' असायचं, त्याचंच पुढे ४०० ००४ झालं. तिकिटावर नये पैसे दिसले तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ला पुण्यात आली. तेव्हा १९३१ची तारीख आणि पुण्याचा छापील पत्ता एकाच कागदावर आला तर तिथेच थांबा. नोटा तपासायचा जांभळा दिवा वाण्याकडेही असतो. त्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकीचं रसायन आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कागदात ते नसायचं. दोन पत्रांवरच्या सह्या एकमेकींवर धरून उजेडात बघा. तंतोतंत जुळल्या तर एक गिरवलेली आहे, कारण कुठलाही माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही. बाकी घाई करू नये, चार ठिकाणी विचारावं, हे सगळ्यांना माहीत असतंच. मलाही होतं.

पण सगळ्यात महत्त्वाचं मजकुराचं. माझ्या पत्राची सुरुवात बालगंधर्वांच्या नेहमीच्या 'देवा'ने होती. पुढे १९३४ला बंद पडलेल्या त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीबद्दलची हळहळ, मग 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी केलेला एकनाथ, मग मास्तरांच्या चालींचं कौतुक. मला जे जे ऐकायचं होतं ते सगळं एका पानात. तिथेच शंका यायला हवी होती. नंतर एका घरी मी नाटकवाल्यांची खरी पत्रं पाहिली. त्यात गाडीची वेळ होती, पेटीवाल्याची थकलेली बाकी होती, मुलाचा ताप होता. एकमेकांना रोज भेटणारी माणसं पत्रात स्वतःचं चरित्र सांगत नाहीत.

ज्यांच्या घरी अशी पत्रं आहेत त्यांना हात जोडून विनंती: पाकिटं फेकू नका, तिकिटांसाठी कापू नका, आणि विकायचीच असतील तर स्वतःच्या नावाने, लिहून देऊन विका. तुम्ही नाव लपवता, त्याच आडोशाला बनावट पत्रं विकणारे उभे राहतात.

ते इनलँड मी फाडलं नाही. मागे पक्क्या शाईने 'बनावट' असं मोठ्या अक्षरात लिहून, तारीख घालून सही केली आहे. माझ्यामागे ते कुणाला विकता येणार नाही.