संदर्भांचे अनुक्रमांक

प्रश्न : तांत्रिक प्रबंधात एकाच ग्रंथाचा आधार पुन्हा घेतल्यास त्यास नवा क्रमांक द्यावा काय?

उत्तर : मुळीच नाही. आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने रूढ केलेल्या पद्धतीत, ज्या आधाराचा उल्लेख लेखात सर्वप्रथम येतो त्यास चौकोनी कंसात [१] हा क्रमांक मिळतो, आणि पुढे तो कितीही वेळा आला तरी, दप्तरी एकदा नोंदलेल्या दाखल्याप्रमाणे, तोच क्रमांक कायम राहतो. पृष्ठ निराळे असल्यास ते कंसातच क्रमांकापुढे नमूद करावे. अखेरची सूचीही आडनावांच्या वर्णानुक्रमे न लावता याच क्रमाने लावतात. मध्येच नवा आधार दाखल झाला की पुढील सारे क्रमांक सरकतात. सबब ते हाताने घालण्याचा अट्टाहास मला तरी व्यर्थ वाटतो, कारण लाटेकसारखी संगणकप्रणाली ही फेरमांडणी बिनतक्रार करते.