मुलांची बाग : मातीची, पाण्याची, बांबूची

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात १८८८ साली खुल्या झालेल्या सेंटेनियल पार्क या विस्तीर्ण उद्यानात २०१७ मध्ये सुमारे ६,५०० चौरस मीटर जागेवर मुलांसाठी एक निराळी क्रीडाबाग सुरू झाली. तेथे रंगीत लोखंडी खेळण्यांची गर्दी नाही. बांबूचे बन, झाडावरचे घर, उंचवटे, कोरड्या ओढ्याचे पात्र आणि जमिनीतून उसळणारे पाणी हीच तेथील खेळणी होत.

कुटुंबासमवेत तेथे जाणाऱ्या आईवडिलांची मात्र परीक्षा असते. मूल दगडावरून दगडावर पाय टाकू लागले की हात पुढे करण्याचा मोह आवरत नाही. परंतु आपल्याला कोठवर चढता येईल याचा अंदाज मूल स्वतः चढूनच घेते. पावलोपावली सावरले तर तो अंदाज त्यास येणार कसा? मोठ्यांनी नजरेच्या टप्प्यात राहावे. कपडे मळणार, हे घरून निघतानाच मान्य केलेले बरे!

ही दृष्टी नवी नव्हे. तयार खेळण्यांपेक्षा मुले टाकाऊ सामानात अधिक रमतात, हे डेन्मार्कचे उद्यानरचनाकार सोरेनसेन यांनी हेरले होते. १९४३ मध्ये कोपनहेगनच्या एमड्रुप भागात तशी क्रीडाभूमी उभी राहिली.

आपल्याकडे घसरगुंडी बसविली की बाग झाली असे समजले जाते. उन्हात तापलेल्या त्या पत्र्याकडे दुपारी कोणी फिरकत नाही. शाळेच्या आवारात मातीचा उंचवटा, वाळू, आडवा ओंडका आणि चिंचेची सावली यांस खर्च थोडा. ओंडका वाळवीने पोखरला नाही ना, दगडांच्या फटीत विंचू नाही ना, पाणी साचून डास होत नाहीत ना, हे मात्र दर आठवड्यास पाहावे लागेल. ते काम कोणाकडे, हे ग्रामपंचायतीने ठरावातच नमूद करावे.