शोक आणि ख्रिस्ती आशा : भाचीस पत्र

चि. भाचीस,


धाकटा भाऊ गेल्यापासून उपासनेत गीताला तोंड फुटत नाही, सांत्वनाला आलेली माणसे ‘देवाची इच्छा’ एवढे बोलून चहाचा कप खाली ठेवतात आणि उठतात, आई-वडिलांना सावरण्याचे काम मात्र थोरल्या बहिणीकडेच येते. अशा मनःस्थितीत आपला विश्वास उरला आहे असे मानावे की नाही, हा प्रश्न चिरंजीवांनी मागील पत्रात विचारला आहे. हा प्रश्न विश्वासाच्याच पोटातून आलेला दिसतो, कारण ज्याचा देवावर मुळीच भरवसा नाही तो देवाकडे तक्रार घेऊन जात नाही.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘आशा’ ही संज्ञा नेहमीच्या बोलण्यातील इच्छेहून वेगळ्या अर्थाने येते : वधस्तंभावर मरण पावलेल्या ख्रिस्ताला देवाने तिसऱ्या दिवशी उठवले, म्हणून त्याच्यात निजलेल्यांच्या बाबतीतही अखेरचा निकाल मृत्यूच्या हाती नाही, असा हा भरवसा होय. तो माणसाच्या मनाच्या उभारीवर टेकलेला नसल्यामुळे मन खचले म्हणजे आशाही गेली, असे ठरत नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातील वचने अंत्यविधीच्या वेळी हमखास वाचली जातात आणि बहुधा अर्धीच ऐकली जातात. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये, असा त्यांचा आशय आहे. खेदच करू नये, असे पौल कोठेही म्हणत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय या दृष्टीने सावकाश वाचण्याजोगा आहे. बेथानीच्या लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले आहेत. मार्था आणि मरीया या त्याच्या बहिणी येशूला वेगवेगळ्या वेळी भेटतात, पण दोघींच्या तोंडी गाऱ्हाणे एकच असते, की तो वेळेवर आला असता तर भाऊ मेला नसता. मार्थेशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीयेला आणि तिच्याबरोबरच्या माणसांना रडताना पाहून तो व्याकूळ होतो आणि स्वतः रडतो. एकाच घरातल्या दोन बहिणींना एकाच दुःखात एकच औषध चालत नाही, हे त्याने ओळखले, आणि गाऱ्हाण्याबद्दल दोघींपैकी एकीलाही बोल लावला नाही. थोड्याच वेळात लाजराला हाक मारून बाहेर बोलवायचे आहे हे ज्याला ठाऊक होते, त्यानेही रडणे टाळले नाही.

स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांचा मोठा हिस्सा विलापस्तोत्रांचा आहे. विलापस्तोत्र म्हणजे ज्यात भक्त आपले दुःख आणि देवाविषयीची तक्रार देवापुढेच मांडतो ते स्तोत्र. अशी बहुतेक स्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. 88 वे मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते, आणि तरीही ज्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला त्यांनी ते गाळले नाही. आपल्या मंडळ्यांतून ते फारसे वाचले जात नाही, ही उणीव आहे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र येथे सांगायचे ते त्यांच्या कर्तृत्वासाठी नव्हे, ते चिरंजीवांना शाळेपासून पाठ आहे. सांगायचे ते त्यांच्या शोकाने आणि विश्वासाने घेतलेल्या वेळासाठी. 1870 च्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण ही तीन माणसे थोड्याथोड्या अंतराने गेली. आईचे प्रेत न्यायला खांदेकरी मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, उरलेला भार भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई यांनी उचलला, आणि उंची कमी पडल्यामुळे रमाबाईंना आपल्या वाट्याचे ओझे डोक्यावर घ्यावे लागले. पुढे 1880 मध्ये तो भाऊही गेला, आणि 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने वारले तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झालेली नव्हती. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्या दिवशी मन शांत झाले, असे रमाबाईंनी स्वतः लिहिलेले नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवाच्या निवेदनात, त्या सांगतात की प्रथम त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला आणि खुद्द ख्रिस्त सापडायला त्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली. एवढ्या बुद्धिमान आणि प्रामाणिक बाईला जर इतका काळ लागला, तर चिरंजीवांनी काही महिन्यांचा हिशेब मांडून स्वतःला नापास करण्याचे कारण नाही.

1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. स्वतः सोसलेली भूक त्यांना त्या मुलींच्या चेहऱ्यांत ओळखता आली, हे खरेच आहे. तेवढ्यावरून आई-वडिलांचे मरण हे देवाने दिलेले शिक्षणच होते, असा हिशेब जुळवणारी प्रवचने अधूनमधून ऐकू येतात. ती ऐकून सोडून द्यावीत. दुःखातून देव काही घडवतो असे म्हणणे वेगळे, आणि ते घडावे म्हणून त्याने माणूस नेला असे म्हणणे वेगळे. पहिल्याला शास्त्राचा आधार आहे, दुसऱ्यासारखेच दुःखाचे हिशेब ऐकवून ईयोबाचे मित्र देवाच्या रागाला पात्र झाले. तेच मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले होते, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते.

रमाबाईंच्या आयुष्याच्या अखेरीकडे चरित्रकार भरभर जातात, वास्तविक थांबावे तेथेच. 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. संस्थेचा कारभार पुढे त्यांनीच पाहावा अशी आईची अपेक्षा होती, आणि चाळीस वर्षांचा विश्वास, प्रार्थना, सेवा यांपैकी काहीही त्या मरणाच्या आड आले नाही. रमाबाईंची आशा मरण टाळण्याच्या कराराची असती, तर ती त्या वर्षी मोडून पडली असती. मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे त्यांचे काम तेव्हा चालू होते. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे केडगावच्या स्त्रियाच करीत. त्या कामावर बसण्याचे त्यांनी सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडले.

आता व्यवहाराचे. उपासनेला जावे, आणि गीत म्हणता येत नसेल तर म्हणू नये; मंडळी गात असते ती न गाऊ शकणाऱ्यांच्या वतीनेही, आणि विश्वास ही एकट्याने वाहायची वस्तू नाही, यासाठीच मंडळी असते. रात्री झोप येत नसल्यास नवी प्रार्थना रचण्याचा प्रयत्न न करता एखादे विलापस्तोत्र मोठ्याने वाचावे. भावाच्या नावाने शिष्यवृत्ती किंवा तत्सम काही सुरू करण्याचा विचार पत्रात आहे. तो चांगला आहे, पण या वर्षी नको, कारण रडण्याऐवजी हाती घेतलेले काम फार काळ पेलत नाही.

स्मरणप्रार्थनेच्या दिवशी साक्ष देण्याचा आग्रह झाल्यास सरळ नाही म्हणावे. पाळकसाहेबांना तसे कळवले आहे, आणि 88 वे स्तोत्र वाचण्याची विनंतीही केली आहे. त्यांनी ती मान्य केली. त्या आठवड्यात मामी येऊन राहणार असल्याने पाहुण्यांचे चहापाणी आणि आईची औषधे त्या पाहतील, तेव्हा चिरंजीवांनी भावाच्या खोलीतील कपाट आवरण्याचीही घाई करू नये.

कळावे.
मामाचे आशीर्वाद.