बैलाचा सांगाडा व ओढकाम

हिंगोली जिल्ह्यातील काळ्या जमिनीत औत ओढणाऱ्या लाल कंधारी बैलाचा सांगाडा ग्रामसेवक व शेतकरी बांधवांनी समजून घ्यावा. स्नायू आखडला की हाड सांध्यावर तरफेप्रमाणे फिरते व पाय हलतो. माणसाप्रमाणे गळ्याखालचे आडवे हाड बैलास नसते. त्याचे पुढचे पाय धडाशी केवळ स्नायूंनी बांधलेले असून ते मुख्यतः भार तोलतात. मागचे पाय कमरेच्या हाडांद्वारे कण्याशी जोडलेले असल्याने रेटण्याचे बळ प्रामुख्याने तेथून येते.

गोऱ्ह्याच्या लांब हाडांची टोके कोवळ्या कूर्चेतून वाढत असतात. म्हणून ३ वर्षांपूर्वी त्यास जड औतास जुंपू नये. जनावर हाडे चघळू लागल्यास स्फुरदाची उणीव संभवते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने क्षारमिश्रण द्यावे.