शब्दाची जात वाक्यात ठरते

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात सातवीत आहे. इंग्रजी शब्दांच्या आठही जाती व्याख्यांसह तोंडपाठ, तरी वाक्यात ओळखताना गोंधळते. काय करावे?
– एक पालक, सांगली

उत्तर : काळजी नसावी. इंग्रजीत शब्दाला कायमची जात नसते, ती वाक्यातल्या कामावरून ठरते. ‘ड्रिंक वॉटर’मध्ये वॉटर नाम आहे, ‘वॉटर द प्लांट्स’मध्ये तेच क्रियापद होते. त्यामुळे सुट्या शब्दांच्या याद्या घोकून उपयोग नाही.

पाठ्यपुस्तकातली रोज चार-पाच वाक्ये घ्या. आधी क्रियापद शोधू द्या, मग कर्ता. नाम, विशेषण, क्रियाविशेषण ही ओळख मराठी व्याकरणात झालेलीच असते, ती इथे कामी येते.

जपायचे एवढेच : मराठीत ‘टेबलावर’, इंग्रजीत ‘ऑन द टेबल’, जागा उलटी. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना तर मराठीत जोड नाही. तिथे चुका होतील, रागावू नका.