मोबाइलवर आलेल्या निरोपाची परीक्षा : इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी एक पाठ

अफवा हा विषय वर्गात शिकविण्याची आपली एक जुनी रीत आहे. मुलांना ओळीने बसवावे, पहिल्याच्या कानात एक वाक्य सांगावे, ते कानोकानी शेवटच्या मुलापर्यंत पोचावे आणि त्याच्या तोंडून भलतेच वाक्य बाहेर पडावे. मुले हसतात, तासिकाही मजेत जाते. परंतु व्हॉट्सॲप, फेसबुक इत्यादी समाजमाध्यमांच्या बाबतीत हा खेळ मुलांची दिशाभूल करतो, असे माझे मत झाले आहे. कानोकानी जाणारा निरोप वाटेत बदलतो. मोबाइलवरून पुढे धाडलेला निरोप बहुधा जसाच्या तसा राहतो. त्यातून गळते ते निराळेच : तो मुळात कोणी सांगितला, कोठला आहे आणि केव्हाचा आहे. शब्द शाबूत असतात म्हणूनच तो खरा वाटतो.

याचा धडा प्रस्तुत लेखकाला स्वतःच घ्यावा लागला. एका पावसाळ्यात अतिवृष्टीमुळे दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी असल्याचा आदेश रात्री माझ्या मोबाइलवर आला. सही होती, शिक्का होता. मी तो तत्काळ शिक्षकांच्या गटावर पाठविला. सकाळी लख्ख ऊन पडले. आदेश खरा होता, परंतु गतवर्षीचा होता. छायाचित्रात वरची तारखेची ओळ तेवढी कापली गेली होती. दूरच्या वाड्यावस्त्यांवरील मुले त्या दिवशी शाळेला व दुपारच्या खिचडीला मुकली. मी गटावर लेखी दिलगिरी कळविली. पण खिचडी काही परत आली नाही.

माझी चूक एका दिवसाच्या नुकसानीवर भागली. सर्वत्र तसे होत नाही. २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याचे निरोप देशभर फिरत होते. त्यांपैकी एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोघे एका मुलाला उचलून नेताना दिसत. ती मूळची पाकिस्तानातील कराची शहरात पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली बोधपर चित्रफीत होती आणि तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ज्या ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना कोंडले होते, तेथेच हे घडले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आलेला निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा भारतात घालण्याचे जाहीर केले. परंतु पाच ठिकाणांहून पुन्हा पाच पाच ठिकाणी जाणाऱ्या निरोपाचा हिशेब सातवीचा कोणताही विद्यार्थी फळ्यावर करून दाखवील.

निरोपाने धंदा कसा बुडतो, याचे उदाहरण आपल्या शिवारातच सापडते. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून करोना होतो, असे निरोप फिरले. त्याला कसलाही आधार नव्हता व केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने तसे स्पष्टही केले. तरी गिऱ्हाईक फिरकेना आणि भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेले. येथे शिक्षकांनी मुलांना धंद्याचे गणित समजावून द्यावे. ब्रॉयलर पक्षी सुमारे सहा आठवड्यांत विक्रीला येतो. त्यानंतर तो ठेवावा तर रोज खाद्य खातो, विकावा तर घेणारा नाही. कांदा चाळीत ठेवता येतो, तसा हा ठेवता येत नाही. पक्षी कमी झाले की खाद्य कमी खपते; मग मका व सोयाबीन पिकविणाऱ्याचा मालही पडून राहतो. ज्याने निरोप पुढे धाडला, त्याच्याच शेतातला मका कदाचित असा पडून राहिला असेल.

याचा अर्थ मोबाइल वाईट, असे मुलांना सांगू नये. ती ऐकणारही नाहीत. बचत गटाच्या भगिनी याच साधनाने पापड-लोणच्यांची मागणी मिळवितात व आपणही गृहपाठ त्यावरूनच देतो.

आता प्रत्यक्ष पाठ. शिक्षकांनी एक साधी घटना सांगावी, मात्र शेवटचे वाक्य राखून ठेवावे. उदाहरणार्थ : ‘एक मनुष्य भिंतीवरून अंगणात उतरला. त्याने खुंटीवरची किल्ली घेतली. कुलूप काढून तो घरात शिरला.’ मुलांना त्याचा न्याय करावयास सांगावे. ती ‘चोर’ म्हणतील. मत फळ्यावर लिहून मग राखलेले वाक्य सांगावे : ‘घर त्याचेच होते व फाटकाची किल्ली हरवली होती.’ यानंतर थोडे थांबावे. घाईने तात्पर्य काढण्याची सवय आम्हा शिक्षकांनाच फार.

मग ‘कोणी पाहिले? कोठे? केव्हा? मागेपुढे काय झाले?’ हे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत आणि मुलांनी घरी आलेला एखादा निरोप वहीत उतरवून आणून त्याला ते लावावेत. एकाही प्रश्नाचे उत्तर निरोपात न सापडल्यास विचारावे कोणाला, हेही ठरवावे. आजाराविषयी असेल तर आरोग्यसेविका, पिकाविषयी असेल तर सहायक कृषी अधिकारी, आदेश असेल तर मुख्याध्यापक. निरोप आजोबांनी पाठविलेला असेल तर मुलाने त्यांना खोटे पाडू नये. ‘आजोबा, हे तुम्हाला कोणी पाठवले?’ एवढेच विचारावे.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी. राईनपाड्याच्या मारहाणीची दृश्ये वर्गात दाखवू नयेत, किंबहुना ती घटना पाचवीला सांगूच नये; सातवीला थोडक्यात सांगावी. तीही सांगण्यापूर्वी आपला पट एकदा डोळ्यांखालून घालावा. ऊसतोडीच्या वा भिक्षेच्या निमित्ताने गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबातील एखादे मूल त्या वर्गात असेल, तर आधी त्याच्याशी व त्याच्या आईवडिलांशी बोलून घ्यावे.