विजेचें ड्रिल व डाखाचा सांधा

सुताराचा सामता किंवा गिरमीट पुष्कळांनीं पाहिलें असेल. त्यांचें काम आतां विजेचें ड्रिल करितें. तें बंद पडलें म्हणजे बहुतेक लोक भंगारवाल्यास देऊन मोकळे होतात. वास्तविक पुष्कळदां दोष एकाच तुटलेल्या तारेचा असतो, व तेथें डाख दिला कीं यंत्र पूर्ववत् चालूं लागतें. मात्र तो कोठें व कसा द्यावा हें कळलें पाहिजे.

ड्रिलच्या मोटरींत बाहेर स्थिर वेटोळीं असतात व आंत आर्मेचर फिरतें. आर्मेचरच्या टोकाशीं तांब्याच्या अरुंद पट्ट्यांचें कडें असतें, तें कम्यूटेटर. त्यावर कोळशाचे दोन तुकडे, म्हणजे कारागिरांचे ‘कार्बन’, घांसत राहून प्रवाह आंत पोंचवितात. आर्मेचरच्या तारांचीं टोकें ह्याच पट्ट्यांच्या आंकड्यांस जोडलेलीं असतात. यंत्र बेसुमार राबविलें, किंवा त्याचीं हवेचीं भोकें भुशानें बुजलीं, कीं आर्मेचर तापतें व हे सांधे निखळतात. कित्येक ड्रिलांत ते डाखाचे नसून तार आंकड्याखालीं दाबून, तापवून बसविलेली असते; तरी ती निखळल्यावर घरीं डाखावांचून गत्यंतर नाहीं.

काम आरंभण्यापूर्वीं प्लग काढून दूर ठेवावा. नुसतें बटण बंद करणें पुरेसें नव्हे, कारण २३० व्होल्टांचा धक्का प्राण घेऊं शकतो. मग कार्बन पाहावे. ते झिजून आंखूड झाले असल्यास नवे घालतांच काम भागेल. तसें नसल्यास मल्टिमीटरनें लगतच्या दोन दोन पट्ट्यांमधील अवरोध मोजीत सर्व कडें तपासावें. आंकडे जवळजवळ सारखे यावयास हवेत. एखाद्या जोडींत अवरोध एकदम वाढला, तर तेथील तार सुटली असें समजावें. पट्टी व मधला लोखंडी दांडा यांमध्यें प्रवाह वाहत असेल, अगर वेटोळें जळून काळें पडलें असेल, तर डाखाचा उपयोग नाहीं. आर्मेचर नव्यानें गुंडाळून घ्यावें.

६० भाग कथील व ४० भाग शिसें यांचा डाख १८३ अंश सेंटिग्रेडला वितळूं लागतो. तांबें त्या उष्णतेस वितळत नाहीं; वितळलेलें कथील त्याच्या पृष्ठभागाशीं एकजीव होतें. मध्यें मळ किंवा तारेवरील रोगण असेल तर हें घडत नाहीं. म्हणून रोगण पात्यानें खरवडून तांबें लखलखीत करावें. कल्हईवाला भांडें घांसून, तापवून व नवसागर टाकून मगच कथील फिरवितो, त्यांतील मर्म हेंच. मोटरींत मात्र नवसागर किंवा तेजाब नको. त्यांचा अंश मागें राहून बारीक तार खाऊन टाकतो. येथें राळच योग्य.

पुष्कळांचा डाख बिघडतो तो उष्णतेविषयींच्या गैरसमजुतीनें. सोल्डरिंग आयर्न जितकें लहान तितकें निर्धोक, असें त्यांस वाटतें. परंतु तांबें उष्णता झपाट्यानें ओढून घेतें. २५ वॅटचें आयर्न बराच वेळ टेकविलें तरी सांधा नीट तापत नाहीं, आणि तेवढ्यांत पट्ट्यांना धरून ठेवणारें बेकलाइट मात्र दुबळें होतें. त्यापेक्षां ६० वॅटचें चांगलें तापवून तीन-चार सेकंदच टेकवावें. डाख आयर्नला न लावतां तापलेल्या सांध्यास लावावा, म्हणजे तो आपण होऊन आंत शिरतो. थंड सांध्यावर त्याची नुसती गोळी बसते, व आर्मेचर मिनिटास हजारों फेरे घेऊं लागतांच ती उडून जाते. खिडकी उघडी ठेवावी व शिशाचे हात जेवणापूर्वीं धुवावे, हें सांगणें नलगे.

सांधा निवाल्यावर दोन पट्ट्यांमधील फटींत डाख उतरला नाहीं ना, तें सुईनें पाहावें. उतरला असल्यास त्या दोन्ही पट्ट्या एक होतात. अवरोध पुन्हां मोजावा व यंत्र पूर्ण जोडावें. पहिल्यानें १०० वॅटचा जुन्या धाटणीचा तारेचा दिवा सीरिजमध्यें घालून वीज द्यावी. कांहीं दोष राहिला असला तरी त्यामुळें प्रवाह मर्यादेंत राहतो. त्यानंतर थेट विजेवर चालवून कार्बनांकडे पाहावें. बारीक निळसर ठिणग्या नेहमींच्याच. कडेंभर ज्वाळा फिरतांना दिसल्यास मात्र यंत्र तत्काळ बंद करून पट्ट्या पुन्हां मोजाव्या.